दोनच्या आत घळीबाहेर

पहाटे 4.15

चहाच्या आधी फोन. पाड्यावरचे आमचे वाटाडे काका यावेळी ओढ्यावर जाऊन आलेले असतात. रेंज मिळाली तर बोलणं होतं, नाही मिळाली तर आदल्या संध्याकाळचा निरोप खरा धरायचा आणि पाड्यावर पोचल्यावर पुन्हा विचारायचं. आज फोन लागला. "पाणी कालच्याहून चार बोटं खाली हाय ताई. निवळ आहे." ओढ्याकाठच्या उंबराच्या मुळाशी काकांनी काठी रोवली आहे. तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा हे आमचं मोजमाप.

हवामान खात्याचा इशारा मी रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर बघतेच. पण तो अख्ख्या पालघर जिल्ह्याचा असतो. समुद्रकाठच्या डहाणूपासून घाटाला टेकलेल्या मोखाड्यापर्यंत एकच रंग. घळीत उतरणाऱ्याला मात्र ओढ्याच्या वरच्या अंगाला जे चार-पाच पाडे आहेत तिथे रात्री काय पडलं, एवढंच हवं असतं. ते कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.

पाणी उतरलंय आणि निवळ आहे म्हणजे निघायचं. गढूळ म्हणाले असते तर रोपने घळ उतरायला आलेल्या बारा जणांना झोपेतून उठवून "आज घळ नाही, भूपतगड किल्ला" असं सांगितलं असतं आणि दिवसभर त्यांची तोंडं बघितली असती.

5.30, शिरपामाळ

रात्रीचा मुक्काम जव्हार गावात आणि सकाळची हजेरी शिरपामाळावर, हा आमच्या गटाचा शिरस्ता. माळ मोकळा आहे, माणसं मोजायला सोपी जातात आणि खाली पसरलेली दरी उजाडताना दिसते. कोणत्या अंगाला ढग बसलेत हे इथून एका नजरेत कळतं. नवीन आलेल्यांना त्यात निसर्गसौंदर्य दिसतं, मी मात्र मोखाड्याच्या बाजूचं आभाळ तपासत असते.

इथे शिवाजी महाराजांचं स्मारक आहे. सुरतेच्या स्वारीवर निघालेली फौज 31 डिसेंबर 1663 ला या माळावर उतरली, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी स्वागत केलं, मानाचा शिरपेच दिला आणि आठवड्याच्या आत, जानेवारी 1664 च्या सुरुवातीला, मराठे सुरतेच्या वेशीवर होते. फोटो काढून होईपर्यंत मी ही गोष्ट सांगते. पुढे एक वाक्य हमखास जोडते : महिना बघा, डिसेंबर. ओढे-नाळा उतरलेल्या, पात्रं ओलांडता येण्याजोगी, झाडोऱ्याखालची जमीन कोरडी. हा मुलूख जुलैत कोणी तुडवत नाही. आपणच तेवढे, रील बघून जुलैत येऊ पाहतो.

जुलैत इथे यायचंच नसतं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बहुतेक वर्षी धबधब्यांवर मनाई आदेश काढतं आणि लोक त्यावर चिडतात. मला तो आदेश अपुरा वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. 2020 च्या जुलैत काळमांडवीच्या डोहात पाच तरुण बुडाले. ते जव्हारचेच होते, मुंबईचे पाहुणे नव्हते. 2024 च्या मे महिन्यात, म्हणजे पावसाचा पत्ता नसताना, दाभोसाच्या डोहात उंचावरून उडी मारलेल्या दोघांपैकी एकाचा जीव गेला. म्हणजे गाव माहितीचं असून भागत नाही आणि ऊन असूनही भागत नाही. हजेरीच्या वेळी मी हे दोन्ही प्रसंग सांगते, आवाज न चढवता. एखाददोन चेहरे उतरतात. उतरू देत.

आज ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. धबधबे अजून भरात आहेत, कातळ उघडा पडायला लागलाय, शेवाळं मात्र तसंच. उन्हाची तिरीप बसली की दुपारनंतर ढग चढतात आणि परतीचा पाऊस तासाभरात नाळ भरून जातो. म्हणून आमचा नियम घड्याळाचा आहे : दुपारी दोनच्या आत सगळे घळीबाहेर. धबधबा किती उरला, कोणाचा फोटो राहिला, हे त्यानंतरचे प्रश्न.

6.00

सामानाची तपासणी. जीन्स घालून आलेल्या एकाला परत पाठवून ट्रॅक पँट आणवली. भिजलेली जीन्स गुडघा वाकू देत नाही आणि दोन तास अंगावर गार राहते. बुटांचे तळवे मी स्वतः उलटे करून बघते. गुळगुळीत झालेला तळवा ओल्या कातळावर कामाचा नाही, मग बूट कितीही महागाचा असो. हेल्मेट, हार्नेस, कॅराबिनर, डिसेंडर ज्याचं त्याने लावायचं आणि दुसऱ्याने ओढून बघायचं.

रोप दोन. एक उतरायचा, एक राखीव. राखीव रोप पाठीवर घेणाऱ्याचं तोंड दिवसभर वाकडं असतं, कारण चार किलो उगाच वाहतोय असं त्याला वाटत राहतं.

राज्य सरकारने 24 ऑगस्ट 2021 ला साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा, प्रथमोपचार हे सगळं कागदावर आलं, हे चांगलंच झालं. मी नोंदवहीत जवळचं रुग्णालय म्हणून जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय लिहिते आणि घळीच्या तळापासून तिथे पोचायला किती तास लागतील तेही लिहिते. दुसरा आकडा कोणी मागत नाही. पण तोच वाचला की माणूस डोहात सूर मारायचा विचार सोडतो.

7.00, पाडा

जीप डांबरी सोडून पाड्याशी थांबते. कोणता पाडा, कोणती नाळ, हे लिहीत नाही. काळमांडवीच्या अंगाची आहे, काळमांडवी नव्हे, इतकं पुरे. जागेचं नाव आणि नकाशातला ठिपका बाहेर पडला की दोन पावसाळ्यांत तिथे चिप्सची पाकिटं आणि स्पीकर पोचतो. काकांनी आम्हाला ही नाळ दाखवली तेव्हा एकच अट घातली होती, वाडीतल्या पाण्याच्या झऱ्यात कोणी पाय घालायचा नाही. एप्रिल-मेमध्ये तोच झरा पाडा जगवतो.

ही इथली जुनी विसंगती. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. बेसॉल्टचा उतार पाणी धरत नाही. लेंडी, वाघ या नद्या ते दमणगंगेत नेऊन टाकतात. त्याच दमणगंगेचं पाणी पिंजाळमार्गे मुंबईला न्यायची योजना आहे, भुगड आणि खारगीहिल अशा दोन धरणांची, आणि त्यातलं खारगीहिल जव्हार तालुक्यातलंच. मुंबईहून धबधबा बघायला आलेल्यांना मी हे चालता चालता सांगते. कोणी उत्तर देत नाही, देण्यासारखं नसतंच.

काका पुढे, मी त्यांच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी माझा सहकारी. काकांच्या पायात प्लास्टिकचे बूट आहेत, हातात कोयता. खुरासणीची शेतं पिवळी झालेली, उतारावर नागली कापायला आलेली. बांधावरून चालायचं, पिकात पाय नाही. पुढे पाऊलवाट ढोरवाटेत मिसळते आणि ढोरवाट कारवीत विरून जाते. गुरं जिथे चरायची थांबतात तिथे आमची आडवाट सुरू होते. जंगलाच्या तोंडाशी वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. काका तिथे हात जोडतात, क्षणभर थांबतात. आम्हीही थांबतो. त्या थांबण्याचा मला दुसरा उपयोग होतो : माणसं मोजून होतात. पंधरा.

8.15, नाळेत

पात्रात उतरलं की बोलणं कमी करावं लागतं. सहा-सात जणांच्या बडबडीत पाण्याचा आवाज बदललेला कळत नाही आणि आवाज बदलणं ही पहिली खूण. मग पाण्याचा रंग, मग वाहून येणारी पानं आणि काटक्या, मग मातीचा वास, आणि पातळी चढलेली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असताना वर तीन कोसांवर पडलेला पाऊस इथे येतो, हे ऐकून माना डोलतात. पण माणूस आभाळाकडेच बघतो, पाण्याकडे नाही.

पहिला टप्पा लहान. पुरुषभर उंचीच्या दोन-तीन पायऱ्या, मधे रांजणखळगे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे शतकानुशतकं गरगर फिरून कातळात असे गोल खड्डे पाडतात. काहींच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसतात. सुंदर असतात आणि फसवे. पाणी निवळ असलं तरी तळ दिसतो त्याच्या कितीतरी खाली असतो आणि काठ आतून पोखरलेला. मी काठी घालून खोली दाखवते. कमरेइतकी वाटत होती, ती काठी पूर्ण आत गेली. यानंतर कोणी खळग्यात पाय टाकून बघत नाही.

इथले धबधबे पायऱ्यापायऱ्यांनी का पडतात, हेही नाळेच्या भिंतीत लिहिलेलं आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ, पोकळ्यांनी भरलेला थर पाण्याने खात जातो आणि वरचा कातळ छपरासारखा बाहेर राहतो. त्या छपराखालचा डोह पोहणाऱ्याला गिळतो, कारण पडणारं पाणी खाली जाऊन आत वळतं आणि माणसाला पुन्हा धारेखाली आणतं. शिवाय धारेखालचं फेसाळ पाणी हवेने भरलेलं. त्यात अंग तरंगत नाही. पट्टीचे पोहणारे बुडतात ते यामुळे. दाभोसाला, जिथे लेंडी नदी सुमारे 300 फुटांवरून उडी घेते, तिथे हेच सगळं मोठ्या प्रमाणावर आहे.

9.30, दुसरा टप्पा

आजचं खरं काम इथे. उतरण साठ फुटांच्या आसपास, निम्मी धारेतून. अँकर दोन, एकमेकांशी संबंध नसलेले : एक कातळातला बोल्ट, एक मागे जिवंत ऐनाच्या बुंध्याला. एक सुटला तर दुसरा धरेल. सहकाऱ्याने लावले, मी तपासले, मग काकांनी हात लावून बघितले. काकांना बोल्टचं कौतुक नाही. झाड मात्र ते स्वतः निवडतात. मागे एकदा आम्ही निवडलेलं झाड नुसतं बघून "हा आतून खाल्लेला" म्हणाले होते. कोयत्याची मूठ आपटल्यावर पोकळ वाजला.

कोरड्या कड्यावर रोपच्या शेवटाला गाठ मारतात, म्हणजे उतरणारा निसटत नाही. पाण्यात उलट. रोप डोहाच्या पाण्याला जेमतेम टेकेल इतकाच सोडायचा आणि शेवट मोकळा ठेवायचा. गाठ असली तर माणूस धारेखाली रोपला अडकून राहतो आणि बुडतो. जिमच्या भिंतीवर चढायला शिकून आलेल्यांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांना गाठ म्हणजे सुरक्षितता असं शिकवलेलं असतं, आणि भिंतीपुरतं ते खरंच आहे.

ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून शिट्ट्या. आमच्याकडे एक म्हणजे थांब, दोन म्हणजे रोप मोकळा, पुढचा येऊ दे, लांब वाजत राहिली तर गडबड. सातवी मुलगी निम्म्यावर अडकली. रोप अडकला नव्हता, ती अडकली होती. धार तोंडावर आली, श्वास घाबरा झाला, हात रोपवर आवळले गेले आणि सुटेनात. असं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही आणि वरून "काही नाही गं, ये" म्हणून ओरडण्यात अर्थही नाही. दुसऱ्या रोपवर मी तिच्या शेजारी उतरले, तिचं तोंड धारेबाहेर वळवलं, हनुवटी छातीला लावून हेल्मेटच्या कडेखाली श्वास घ्यायला लावला. मग एकेक बोट सैल केलं. राखीव रोप वाहणाऱ्याचं वाकडं तोंड तेवढ्यापुरतं सरळ झालेलं होतं.

काका या वेळात कडेच्या कपारीतून, आम्हाला दिसतही नाही अशा वाटेने, खाली जाऊन डोहाच्या काठावर बसलेले. हात पुढे करून एकेकाला बाहेर ओढत होते.

11.25

शेवटचा माणूस खाली आला तेव्हा ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त झाली होती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधे नाळेची उजवी भिंत जरा मोडलेली आहे. तिथून कारवीच्या उतारावरून पठारावर चढता येतं. बाहेर पडायची ही शेवटची जागा. तिसरा टप्पा उतरून रोप ओढून घेतला की मागची वाट बंद आणि पुढे तासभर उभ्या भिंती. तिसरा टप्पा म्हणजे या नाळेचा मुकुट. ज्याच्यासाठी लोक पैसे भरतात तो हाच.

मी हिशेब मोठ्याने मांडते, कारण निर्णय कशावरून झाला हे सगळ्यांना कळायला हवं. अँकर लावायला वीस मिनिटं. चौदा माणसं रोपवर, दर माणशी सात मिनिटं, म्हणजे शंभरेक मिनिटं. दीडला खाली. त्यापुढे घळीतला एक तास. अडीच. दोनच्या आत बसत नाही.

"आभाळ तर मोकळं आहे, ताई." हे वाक्य येणारच होतं. आणि खरंच मोकळं होतं. मी काकांकडे बघितलं. ते कड्याच्या वर, उत्तरेला बघत होते. "नको," म्हणाले. कारण विचारलं तर "वारा पडलाय," एवढंच. मला वारा पडल्याचं जाणवलंही नव्हतं.

निघालो बाहेर.

11.40 ते 1.00

चढ तिरपा, घसाऱ्याचा. हाताला फक्त कारवी. जिवंत कारवी धरायची, वाळलेली हातात येते. या कारवीचे कुड करून इथली घरं उभी राहतात, म्हणजे तिच्यात दम आहे. खालच्या माणसावर दगड जाऊ नये म्हणून नागमोडी, एकाखाली एक कोणी नाही. दगड सुटला की "दगड!" असं ओरडायचं, "सॉरी" नाही. बोलायला कोणाकडे श्वास नव्हता, त्यामुळे नाराजीही गप्प होती. वर आल्यावर पुन्हा मोजणी. पंधरा.

दुपारी 2.00

पाड्यावर जेवण. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा, नुकतीच तोडलेली लांबलचक काकडी. भूक अशी लागलेली की तिसऱ्या टप्प्याचा विषय पहिली भाकरी संपेपर्यंत निघाला नाही. मग निघालाच. एकाने फोनवर कोणाचा तरी तिसऱ्या टप्प्याचा व्हिडिओ लावला. मी अंगणात बसून आभाळ बघत होते.

पाऊस आला नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले, उत्तरेला थोडे ढग जमले आणि पांगले. एक जण हसत म्हणाला, "ताई, झालं असतं की!" झालं असतं. मी मान्य केलं. पाऊस न आलेल्या दिवसांच्या जोरावर नियम सैल केला तर तो पाऊस आलेल्या दिवशी कामाला येणार नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं असं वाटलं नाही. पटायलाच हवं असंही नाही, बाहेर आला तेवढं पुरे.

3.45, हिशेब

रोप धुऊन सावलीत टांगला. उन्हात वाळवला की धागा मरतो. दोन ठिकाणी वरची वीण फुललेली दिसली, तिथे खूण करून तो रोप बाजूला ठेवला. मग काकांचे पैसे.

याबद्दल मला जरा बोलायचंय. शहरातून येणारे बरेच गट वाटाड्याला रोजंदारीचे पैसे देतात, आणि तेही नाळेत उतरले तर. पाणी चढलं म्हणून परत फिरले तर अर्धे, किंवा नुसता चहा. म्हणजे काय होतं ते बघा. ज्या माणसाच्या "नको"वर पंधरा जीव टांगलेले, त्याला "नको" म्हटल्यावर पैसे मिळत नाहीत. दिवाळी झाली की याच पाड्यातली बरीच घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. चार महिने घर चालवायचं असतं. अशा माणसाला एका "हो"साठी पैसे आणि "नको"साठी काही नाही, हा सौदा करणारा गट अँकर दोन लावत असला तरी मी त्याला सुरक्षित म्हणणार नाही.

आमच्याकडे रोप लावणाऱ्या प्रशिक्षकाला जेवढे, तेवढेच काकांना. पहाटे ओढ्यावर जाऊन आले की दिवस लागला, मग आम्ही उतरो न उतरो. यामुळे आमची फी चार पैशांनी जास्त असते आणि काही जण स्वस्त गट शोधतात. शोधोत.

संध्याकाळी 5.30

जीप पुन्हा जव्हारच्या वाटेला. मागे बहुतेक जण झोपलेले. मी नोंदवहीत लिहिते : पाणी चार बोटं खाली, दुसऱ्या टप्प्यावर चाळीस मिनिटं जादा, पुढच्या वेळी गट दहाचा. बाराचा नको, इथे सहकाऱ्याशी माझं एकमत झालं. एक रोप बाद. ऐनाचं झाड ठीक.

तुम्हाला यायचं असेल तर पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी या. नंतर पाड्यावर वाट दाखवायला माणूस राहत नाही. गट निवडताना धबधब्याची उंची विचारू नका. वाटाड्या कुठला, त्याला किती देता आणि त्याने "नको" म्हटलं त्या दिवशीही देता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर पैसे भरू नका.